वाच्यार्थ कोणाच्या बाजूचा?

वर्गात कविता शिकवताना एखादा विद्यार्थी ओळीचा सरळ अर्थ सांगून थांबला, की आपण त्याला 'वाच्यार्थात अडकू नकोस' असे बजावतो. बजावणे योग्यच असते. परंतु त्यामागे एक गृहीत दडलेले असते : वाच्यार्थ ही बौद्धिक आळसाची जागा आहे आणि ती ओलांडणे ही प्रगल्भतेची खूण आहे. हेच गृहीत पुढे समाजचर्चेत शिरते. धर्मग्रंथ कवटाळून बसणाऱ्याला आपण 'शब्दनिष्ठ' म्हणतो, इंग्रजी वाचनाच्या सवयीने त्याच्या वृत्तीला 'लिटरॅलिझम' हे नाव देतो आणि शब्दाच्या पलीकडे पाहणारा तो सुधारक, अशी वाटणी करून मोकळे होतो.

इतिहासात ही वाटणी टिकत नाही. ती का टिकत नाही हे पाहण्यासाठी प्रस्तुत लेखात दोन वाद शेजारी ठेवले आहेत. पहिला सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधला, घटस्फोटाविषयीचा. दुसरा एकोणिसाव्या शतकातल्या बंगालमधला आणि महाराष्ट्रातला, विधवाविवाहाविषयीचा. दोन्ही ठिकाणी प्रश्न विवाहाचा होता आणि दोन्ही ठिकाणी निवाडा धर्मवचनावर ठरणार होता. वाच्यार्थाचा कैवार घेणारे पक्ष मात्र नेमके उलटे होते.

आधी शब्दाविषयी. लॅटिनमध्ये 'लिट्टेरा' म्हणजे अक्षर. 'लिटरल' हे विशेषण तेथून आले. मध्ययुगीन ख्रिस्ती परंपरेत बायबलचे चार अर्थ मानले जात : वाच्यार्थ, रूपकार्थ, नैतिक अर्थ आणि पारलौकिक अर्थ. यांत वाच्यार्थ हा सर्वांत खालचा खरा, पण 'खालचा' म्हणजे हलका नव्हे, पायाचा. धर्मसिद्धान्ताचा युक्तिवाद वाच्यार्थावरच उभा राहू शकतो, अशी तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसची भूमिका होती. सोळाव्या शतकात धर्मसुधारकांनी या पायालाच सर्वस्व मानले. बायबल इंग्रजीत आणणाऱ्या विल्यम टिंडेलने १५२८ साली धर्मग्रंथाला वाच्यार्थ हा एकच अर्थ आहे असा आग्रह धरला. त्यामागचे राजकारण स्पष्ट होते. अर्थाचे चार मजले असतील तर वरच्या मजल्यांच्या किल्ल्या पुरोहिताकडे राहतात. अर्थ एकच आणि तो अक्षरांतच असेल, तर नांगर धरणाऱ्या मुलालाही तो वाचता येतो. येथे वाच्यार्थ हे सामान्य वाचकाचे हत्यार आहे. दृष्टान्ताचा आणि रूपकाचा अभिप्रेत अर्थही टिंडेल वाच्यार्थातच धरत असे, हेही लक्षात ठेवावे.

म्हणजे 'लिटरल' हा शब्द सन्मानाचा होता. त्याला 'इझम' जोडला गेला तेव्हा त्याची निंदा झाली. 'लिटरॅलिझम' या शब्दाचा इंग्रजीतील अगदी आरंभीचा एक वापर जॉन मिल्टनच्या घटस्फोटावरील पुस्तिकेत सापडतो. या पुस्तिकेची पहिली आवृत्ती १६४३ साली निनावी निघाली आणि पुष्कळ वाढवलेली दुसरी १६४४ साली. १६४२ मध्ये मिल्टनचा विवाह मेरी पॉवेलशी झाला आणि थोड्याच अवधीत ती माहेरी निघून गेली. ती परतली १६४५ मध्ये. पुस्तिकेला ही पार्श्वभूमी असली, तरी तिच्यातला युक्तिवाद केवळ खाजगी नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात व्यभिचाराखेरीज अन्य कारणाने पत्नी टाकण्यास येशूने मनाई केली आहे. मिल्टनचे म्हणणे असे की ही वचने परूश्यांना दिलेले उत्तर आहे. ती कोणाला, कोणत्या प्रसंगी आणि कशाच्या प्रतिकारार्थ उच्चारली हे पाहिल्याशिवाय त्यांचा कायदा करता येत नाही. विवाहाचा पहिला हेतू सहवास. मनांचा मेळच नसेल, तर त्या विवाहात माणसाला कोंडून ठेवणे हे प्रेमधर्माच्या विरुद्ध आहे.

याच ओघात तो प्रतिपक्षाच्या 'लिटरॅलिझम'ची टिंगल करतो. ज्याला आपला शब्दार्थ एवढा प्राणप्रिय आहे त्याने मत्तयाचा तोच अध्याय आणखी थोडा पुढे वाचावा, असे तो सुचवतो. तेथे स्वर्गराज्यासाठी स्वतःला नपुंसक करून घेणाऱ्यांचा उल्लेख आहे. तोही शब्दशः घ्यायचा असेल, तर ऑरिजेनची सुरी हातात घ्यावी! तिसऱ्या शतकातील धर्मपंडित ऑरिजेन याने हे वचन शब्दशः पाळले, अशी हकिकत युसेबियसने आपल्या चर्चच्या इतिहासात दिली आहे. गंमत अशी की हाच ऑरिजेन बायबलच्या रूपकात्मक वाचनाचा मोठा आचार्य मानला जातो.

मिल्टनच्या युक्तिवादात आणखी एक गोष्ट आहे, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने ती अधिक महत्त्वाची. अनुवादाच्या पुस्तकात मोशेने घटस्फोटाची परवानगी ज्या कारणासाठी दिली आहे, तेथे मिल्टन एकाएकी मूळ हिब्रू शब्दांकडे धाव घेतो. त्या शब्दांचा अर्थ कोणत्याही प्रकारची 'नग्नता' किंवा वैगुण्य, शरीराचे तसेच मनाचेही, असा होतो, असे तो म्हणतो. एका वचनापुढे तो शब्दार्थाची थट्टा करतो आणि दुसऱ्या वचनापुढे अक्षरे मोजतो. याला दांभिकपणा म्हणणे सोपे आहे. परंतु लिटरॅलिझम हे वाचनाच्या एखाद्या ठरीव पद्धतीचे नाव नसून, दुसऱ्याने शब्द कोठे घट्ट धरला त्याविषयीची ती तक्रार आहे, असे यावरून म्हणता येईल. आपण जेथे तो घट्ट धरतो, तेथे आपण त्याला 'मूळ अर्थ' म्हणतो.

आता आपल्याकडे वळू. 'लिटरॅलिझम'साठी मराठीत शब्दनिष्ठा, अक्षरनिष्ठा, वाच्यार्थवाद असे प्रतिशब्द वापरले जातात. कधी सैलपणे 'शब्दप्रामाण्य' हाही. शेवटचा शब्द येथे चुकीचा आहे आणि ही चूक लहान नाही. शब्दप्रामाण्य म्हणजे वेद, आप्तवचन किंवा ग्रंथ हे ज्ञानाचे प्रमाण मानणे. त्या ग्रंथातील वाक्याचा कोणता अर्थ घ्यायचा, हा पूर्णपणे वेगळा प्रश्न आहे. ग्रंथ परमप्रमाण मानूनही त्याच्या वाच्यार्थापासून दूर जाता येते. किंबहुना ज्याला ग्रंथ सोडता येत नाही, त्यालाच अर्थ वाकवण्याची गरज भासते.

या वाकवण्याला आपल्या शास्त्रकारांनी नियम घालून दिले होते. गंगेवर गवळीवाडा आहे, हे उदाहरण साहित्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. प्रवाहावर वाडा वसू शकत नाही म्हणून 'गंगा' या शब्दाने तीर घ्यायचे. मम्मटाने लक्षणेसाठी तीन अटी सांगितल्या : मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी संबंध, आणि रूढी किंवा प्रयोजन. मुख्यार्थ अडल्याशिवाय लक्षणेला दारच उघडत नाही. मीमांसकांचा दंडक तर याहून कडक होता : विधी सांगणाऱ्या वाक्यात शब्दाचा लाक्षणिक अर्थ घेऊ नये. काव्यशास्त्राच्या तासाला ही चर्चा कोरडी वाटते. एकोणिसाव्या शतकात ती लाखो स्त्रियांच्या आयुष्याशी येऊन भिडली.

१८५५ साली ईश्वरचंद्र विद्यासागरांनी विधवाविवाहावर दोन पुस्तिका लिहिल्या. त्यांचा मुख्य आधार पराशरस्मृतीतील एक श्लोक होता. पती बेपत्ता झाला, मरण पावला, संन्यासी झाला, नपुंसक निघाला किंवा पतित झाला, तर या पाच आपत्तींत स्त्रीला दुसरा पती करता येतो, असा त्याचा सरळ अर्थ. स्मृतीच्या आरंभीच पराशराचे धर्म कलियुगासाठी आहेत असे सांगितलेले. विद्यासागरांचे म्हणणे एवढेच, की जे लिहिले आहे ते वाचा.

त्या अर्थाला बगल देण्याचे मार्ग प्रतिपक्षाकडे होते, आणि ते मोठ्या विद्वत्तेचे होते. पहिला जुनाच होता. चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी पराशरावर भाष्य लिहिताना श्लोकाचा अर्थ नाकारला नव्हता. हा पुनर्विवाह अन्य युगासाठी आहे एवढेच म्हटले होते. दुसरा मार्ग लक्षणेचा : येथे 'पती' म्हणजे विवाह झालेला नवरा नव्हे, केवळ वाग्दान झालेला वर. तिसरा मार्ग व्याकरणाचा. श्लोकात 'पतौ' असे सप्तमीचे रूप आहे. पाणिनीच्या नियमाप्रमाणे 'पति' शब्द एकटा असता 'पत्यौ' असे रूप व्हायला हवे. 'पतौ'सारखे रूप समासातच शुद्ध ठरते. मग ऋषी अशुद्ध कसे लिहील? आधीचा शब्द एकारान्त आहे. संधीत एक अकार लोपला आहे असे धरले, तर शब्द 'अपतौ' होतो, समास सिद्ध होतो, रूप शुद्ध ठरते आणि अर्थ होतो 'जो पुरता पती नाही तो', म्हणजे पुन्हा वाग्दत्त वर! उच्चारात फरक नाही, छंदात फरक नाही. फक्त एक न दिसणारा अवग्रह, आणि त्याच्या पलीकडे बालविधवेचे उभे आयुष्य.

या वादात शब्दनिष्ठ कोण होते? ग्रंथप्रामाण्य दोन्ही पक्षांना मान्य होते. वाच्यार्थाला धरून मात्र सुधारक होते. मुख्यार्थाला बाध कोठे आहे, असे ते विचारत होते. स्मृतींत पाणिनीला न जुमानणारी आर्ष रूपे आढळतात, मग येथेच अकार का शोधायचा? हाच श्लोक नारदस्मृतीतही आहे. तेथे पुढे परदेशी गेलेल्या पतीची वाट किती वर्षे पाहावी हे सांगताना अपत्य असलेली आणि नसलेली स्त्री असा भेद केला आहे. वाग्दत्त वधूला अपत्य कोठून असणार? हा प्रश्न निव्वळ शब्दार्थाचा आहे, आणि त्याला उत्तर नव्हते.

जुलै १८५६ मध्ये विधवाविवाहाचा कायदा झाला. महाराष्ट्रात हा वाद नेला तो 'इंदुप्रकाश'च्या मराठी विभागाचे संपादक विष्णुशास्त्री पंडित यांनी. विद्यासागरांचे प्रतिपादन त्यांनी मराठीत आणले, विधवाविवाहोत्तेजक मंडळी उभी केली. १५ जून १८६९ रोजी मुंबईत वेणूबाई आणि पांडुरंग विनायक करमरकर यांचा विवाह झाला आणि त्यामागोमाग बहिष्काराचे अस्त्र निघाले. १८७० साली पुण्यात शंकराचार्यांच्या पुढाकाराने पंच नेमून दोन्ही पक्षांचा जाहीर वाद झाला. न्यायमूर्ती रानडे यांनीही विधवाविवाहाचे वैदिक आधार मांडणारा निबंध लिहिला. पुण्याच्या वादात बहुमताने निर्णय सुधारकांच्या विरुद्ध गेला.

एवढ्यावर लेख संपवून 'म्हणून वाच्यार्थ हा सुधारकांचा मित्र' असे म्हणता आले असते. पण वाच्यार्थ कोणाचाच कायमचा मित्र नसतो. पराशराच्या त्याच श्लोकापुढे ब्रह्मचर्याने राहणाऱ्या विधवेला स्वर्ग सांगितला आहे, आणि त्याच्याही पुढे सहगमन करणारीला. जे लिहिले आहे ते वाचायचे, तर हेही वाचावे लागते. विद्यासागरांनी ते लपवले नाही. विवाह, ब्रह्मचर्य आणि सहगमन असे तीन मार्ग पराशराने दिले, त्यांतील तिसरा सरकारी हुकमाने बंद झाला, आता दोन उरले, असे त्यांनी मांडले. म्हणजे १८२९ च्या बंदीने एक श्लोक गप्प केला नसता, तर शेजारच्या श्लोकाचा शब्दार्थ एवढ्या निर्धास्तपणे मांडता आला नसता. सतीबंदीच्या बाजूने लिहिताना राममोहन रॉय यांनी मनूचा आधार घेतला होता : विधवेने व्रतस्थ जगावे असे मनू सांगतो, जळावे असे सांगत नाही. तिचा जीव वाचवणारे तेच वचन एका पिढीनंतर तिच्या पुनर्विवाहाच्या आड आले. सतीच्या वादात तर प्रश्न खरोखरच अक्षराचा होता. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील एका ऋचेत 'अग्रे' असा पाठ आहे. रघुनंदनासारख्या धर्मनिबंधकाराच्या ग्रंथात तेथे अग्निवाचक पाठ आला आणि 'आधी चढोत' याचे 'अग्नीत चढोत' झाले. होरेस हेमन विल्सन यांनी १८५४ मध्ये ही तफावत मांडली. पुढच्याच ऋचेत मृत पतीशेजारून उठून जिवंतांच्या जगात ये, असे स्त्रीला सांगितले आहे.

कायद्याच्या पुस्तकातही वाच्यार्थाने आपले दुसरे तोंड दाखवले. १८५६ च्या कायद्याच्या दुसऱ्या कलमानुसार पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा मृत पतीच्या मालमत्तेवरील हक्क जात असे. हा कायदा ज्यांच्यात पुनर्विवाहाला मज्जाव होता त्यांच्यासाठी झाला होता. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य जातींत विधवेचा पाट किंवा मोहतूर लागत असे; त्यांना या परवानगीची गरजच नव्हती. ज्यांच्यात रूढीनेच पुनर्विवाह चालतो त्यांना हे कलम लागू नाही, असे अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने मानले. मुंबईच्या उच्च न्यायालयाने कलमातील शब्द सर्व हिंदू विधवांना लावले. पाटाच्या बाईला कायद्याने नवे काही दिले नाही. शब्दार्थाने मात्र तिचे होते ते काढून घेतले. पराशराच्या श्लोकाला धरून जो वाच्यार्थ एका स्त्रीची वाट मोकळी करत होता, तोच कलमाला धरून दुसऱ्या स्त्रीची जमीन नेत होता.

तिसरी एक वाटही होती, आणि ती शास्त्र्यांच्या सभेबाहेरून आली. १८८१ साली सुरतेतील विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेवर बालहत्येचा खटला झाला आणि तिच्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर कोरडे ओढले गेले. त्याला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिले. 'पतौ' की 'अपतौ' या चर्चेवर त्या वेळ दवडत नाहीत. त्या नियम उचलतात आणि तो जसाच्या तसा पुरुषाला लावून पाहतात. पती गेल्यावर बाईने केस उतरवून तोंड लपवायचे, तर बायको मेल्यावर पुरुषाने दाढीमिशा भादरून रानात का जाऊ नये? ही मिल्टनने पुढे केलेल्या सुरीचीच जात आहे : शब्द खरा मानता ना, मग शेवटपर्यंत माना. फरक असा की मिल्टनचा वाद ग्रंथाच्या अर्थाविषयी होता. ताराबाईंचा प्रश्न ग्रंथ कोणी लिहिला आणि कोणासाठी, इथपर्यंत जातो. मिल्टनला मुख्यतः नवऱ्याची सुटका दिसत होती. ताराबाई जिच्यावर नियम लागतो तिच्या जागी उभ्या राहून बोलत होत्या.

वर्गात 'वाच्यार्थात अडकू नकोस' असे आपण म्हणत राहूच; काव्याला ते आवश्यकच आहे. पण हेच वाक्य पुण्यातल्या सभेत कोणी म्हटले असते, तर ते विधवेच्या बाजूचे ठरले नसते. म्हणून एखाद्या वाचनाला शब्दनिष्ठ म्हणून हिणवण्याआधी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. येथे वाद ग्रंथाच्या प्रामाण्याचा आहे की अर्थाचा? मुख्यार्थाला खरोखर बाध आहे, की तो केवळ आपल्याला गैरसोयीचा आहे? आणि तो अर्थ मान्य झाला किंवा मोडला, तर त्याची किंमत कोण मोजणार आहे? पहिले दोन प्रश्न मीमांसकांनी आणि मम्मटाने आपल्याला शिकवले. तिसरा ताराबाईंकडून शिकायचा आहे.